पहिला मेसेज कधीच हिंसेचा नसतो

अतिरेकी संघटना फोनवरून पोरं कशी ओढतात हा विषय निघाला, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तोंडाला फडकं गुंडाळलेला, हातात बंदूक असलेला माणूस येतो. तो माणूस येतो, पण फार उशिरा. तोवर मुलगा त्याला आपला मानू लागलेला असतो. सुरुवात अगदी साधी असते. अंगावर काटा आणणारं संगीत लावलेली एखादी रील, आपल्या लोकांवर झालेल्या अन्यायाची क्लिप, त्याखाली मुलाने रागाने टाकलेली कमेंट, आणि त्या कमेंटला अनोळखी माणसाचं उत्तर: "बरोबर बोललास भाऊ."

त्या उत्तरापासून पुढे काय घडतं, हे पालकांनी, शिक्षकांनी आणि खुद्द पोरापोरींनी समजून घ्यावं म्हणून हा लेख लिहितो आहे.

हे सगळं दूर कुठेतरी घडतं, असं नागपुरात बसून म्हणायची सोय नाही. डिसेंबर २०१५ मध्ये हैदराबादच्या तीन तरुणांना आपल्या सोनेगावच्या विमानतळावर पकडलं होतं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ते श्रीनगरमार्गे पुढे जाऊन आयसिसला मिळायच्या तयारीत होते. त्यातल्या एकाला आदल्या वर्षी कोलकात्यात अडवून, समजूत घालून घरी पाठवलेलं होतं. त्याच डिसेंबरात पुण्यातली सोळा वर्षांची विद्यार्थिनी इंटरनेटवरून आयसिसच्या लोकांच्या संपर्कात असल्याचं राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाला, म्हणजे एटीएसला, आढळलं. त्याआधी मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्यासोबत इराकला गेले आणि तिथून नाहीसे झाले. शिकलीसवरलेली, घरात सगळं ठीक असलेली ही पोरं होती.

ही उदाहरणं एका विचाराच्या संघटनेची आहेत म्हणून हा एकाच धर्माचा रोग आहे, असं कुणी समजू नये. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात १५ मार्च २०१९ रोजी दोन मशिदींत ५१ माणसं मारणारा गोऱ्या वर्णाच्या श्रेष्ठत्वाने झपाटलेला होता. अमेरिकेतल्या बफेलो शहरात मे २०२२ मध्ये दहा कृष्णवर्णीय माणसांना मारणारा १८ वर्षांचा पोरगाही तसलाच. धर्म, वंश, भाषा, वर्ग, काहीही पुढे करता येतं. अतिरेकी विचाराचा गाभा सगळीकडे सारखा सापडतो: आपली माणसं संकटात आहेत, ते संकट अमुक लोकांमुळे आहे, आणि त्या लोकांना इजा केल्याशिवाय आपण वाचणार नाही. यातली पहिली दोन वाक्यं राजकारणात रोज ऐकू येतात, ती कितीही कडवी असली तरी त्यांच्याशी वाद घालता येतो. तिसरं वाक्य आलं, की माणूस वेगळ्या रस्त्याला लागलेला असतो.

आता रीत पाहू. समजा, मानेवाड्यात भाड्याच्या खोलीत राहणारा एक पोरगा आहे. गाव यवतमाळकडचं, इथे स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. सकाळी अभ्यासिकेत जातो, संध्याकाळी टपरीवर चहा, रात्री मेस. दोनदा पूर्वपरीक्षा हुकली आहे. घरून फोन आला की "अभ्यास चालू आहे" याच्यापलीकडे बोलायला काही उरलेलं नाही. त्याचा धर्म आणि जात मी मुद्दाम सांगत नाही, कारण पुढची रीत कुणालाही लागू पडते.

रात्री तो रील पाहत पडतो. ज्या रीलवर तो थांबतो तशा आणखी समोर येतात, कारण माणसाला जास्तीत जास्त वेळ पडद्यापुढे धरून ठेवणं हेच त्या यंत्रणेचं काम आहे, आणि राग आला की माणूस थांबतो. इथवर कुणी भरती करणारा आलेलाच नाही. मग एक दिवस एका व्हिडिओखाली लिंक दिसते: "इथे सगळं दाखवता येत नाही, खरं पाहायचं असेल तर टेलिग्रामवर या." हे वाक्य फार विचार करून लिहिलेलं असतं. जे दडपलं जातंय ते खरंच असणार, असं आपल्या मनाला वाटतंच.

टेलिग्रामवर पोहोचला की तो एका चॅनलचा सदस्य होतो. चॅनल आणि ग्रुप यांतला फरक इथे कळायला हवा. चॅनलमध्ये बोलणारा एक, ऐकणारे कितीही. रेडिओसारखं. सदस्यांना एकमेकांची नावं दिसत नाहीत, फक्त आकडा दिसतो. त्या मोठ्या आकड्यानेच पोराला वाटतं की आपण एकटे नाही. इथे दिवसभर मजकूर पडतो: कापलेल्या क्लिप, जुन्या दंगलींचे फोटो, कुठल्यातरी दुसऱ्याच देशातला व्हिडिओ आपल्याकडचा म्हणून, मध्येच एखादं प्रेरणादायी वाक्य, मध्येच विनोद. विनोदाकडे फार कमी लोक लक्ष देतात. मला तो सगळ्यात घातक वाटतो. मीम आणि स्टिकरमधून एखाद्या समाजाला झुरळ, उंदीर, डुक्कर म्हणता येतं आणि कुणी हरकत घेतली तर "मजाक होती यार" म्हणून मोकळं होता येतं. महिनाभर रोज हसल्यावर त्या माणसांबद्दलची दया आपोआप पातळ होते. कुणी भाषण देऊन हे एवढ्या सहज करू शकला नसता.

चॅनल चालवणाऱ्यांचं काम आता गाळण्याचं असतं. हजारो ऐकणाऱ्यांतून कामाचे मोजके कोण? त्यासाठी जोडलेला चर्चेचा ग्रुप असतो. तिथे कोण जास्त बोलतो, कोण रात्री दोन वाजता जागा असतो, कोण स्वतःबद्दल कडवट लिहितो, हे कुणीतरी वाचत असतं. आपल्या पोराने एका रात्री लिहिलं, "काहीच जमत नाही, घरच्यांना तोंड दाखवायची लाज वाटते." दुसऱ्या दिवशी त्याला खासगी मेसेज आला. त्यात ना धर्म होता, ना राजकारण. "काल तुझं वाचलं. मीही यातून गेलो आहे. जेवलास का?"

सगळ्या प्रकरणाचा जीव या ठिकाणी आहे. एरी क्रुग्लान्स्की नावाचे मानसशास्त्रज्ञ अतिरेकाकडे वळलेल्या माणसांचा वर्षानुवर्षं अभ्यास करत आले आहेत. त्यांच्या मांडणीत तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. आपल्याला काही किंमत आहे असं वाटण्याची भूक, ती भूक हिंसेतून भागेल असं सांगणारी गोष्ट, आणि ती गोष्ट खरी मानणारा गोतावळा. आपण बहुतेक वेळा मधल्या गोष्टीशीच भांडत बसतो. मुलाला इतिहासाचे पुरावे देतो, धर्मग्रंथातले दाखले देतो, "हे खोटं आहे" म्हणून सिद्ध करतो. पण तो आत ओढला गेला तो भुकेने आणि गोतावळ्याने. विचार त्याने नंतर उचलला, कारण तो त्याच्या माणसांचा विचार होता. म्हणून वादात हरला तरी तो परत येत नाही.

खासगी गप्पा सुरू झाल्या की वेग वाढतो. रोज "जेवलास का" विचारणारा आता छोटी कामं सांगतो. ही पोस्ट चार ग्रुपवर टाक. या व्हिडिओचं मराठीत भाषांतर कर, तुझी मराठी चांगली आहे. हे पोस्टर जरा नीट डिझाइन करून दे. अभ्यासात दोनदा पडलेल्या पोराला अचानक कुणीतरी "तुझ्याशिवाय जमलं नसतं" म्हणतं. प्रत्येक कामाने दोन गोष्टी होतात. त्याला किंमत मिळते, आणि मागे फिरणं थोडं महाग होतं, कारण आता त्याच्या हातून असं काही झालेलं असतं जे घरी सांगता येत नाही. सोबत जुने धागे हळूहळू तोडले जातात: तुझे मित्र झोपलेले आहेत, आईवडील घाबरट आहेत, त्यांना सांगू नकोस, त्यांना त्रास होईल. मग दुसऱ्या ॲपवर ये म्हणतात, जिथे मेसेज आपोआप पुसले जातात. उघड्या चौकातून चॅनल, चॅनलमधून ग्रुप, ग्रुपमधून दोघांची बंद खोली. दर पायरीला पाहणारे डोळे कमी होतात. शेवटच्या पायरीवर सल्ला देणारा एकच माणूस उरतो.

लहान मुलांना वाममार्गाला लावणारे लैंगिक गुन्हेगार हीच पावलं टाकतात: ओळख, कौतुक, गुपित, एकटं पाडणं, मग धमकी. आता या दोन्ही वाटा काही ठिकाणी एक झाल्या आहेत. '७६४' नावाच्या ऑनलाइन जाळ्याबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने २०२३ मध्ये जाहीर इशारा दिला. हे लोक अल्पवयीन मुलामुलींना गाठून त्यांच्याकडून स्वतःला इजा करणारे व्हिडिओ मागतात आणि त्याच व्हिडिओंच्या जोरावर आणखी खाली ओढतात. खेळ खेळताना गप्पा मारायच्या डिस्कॉर्डसारख्या ॲपवर हे चालतं. आपला मुलगा "फक्त गेम खेळतो" म्हणून निर्धास्त राहणाऱ्या पालकांनी गेममधल्या चॅटची खिडकी एकदा पाहावी. बफेलोच्या मारेकऱ्याने महिनोन्महिने आपली तयारी डिस्कॉर्डवरच्या खासगी जागेत डायरीसारखी लिहून ठेवली होती आणि हल्ल्याच्या अर्ध्या तासाआधी काही जणांना ती वाचायचं आमंत्रण दिलं. करोनाच्या काळात कंटाळा आला म्हणून आपण एका निनावी संकेतस्थळावर जायला लागलो, असं त्याने स्वतः लिहिलं आहे.

तंत्राबद्दल थोडं, कारण त्यावर गैरसमज फार आहेत. व्हॉट्सॲपवर २०१६ पासून प्रत्येक मेसेज पाठवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये कुलूपबंद असतो, कंपनीलाही वाचता येत नाही. टेलिग्राम याहून सुरक्षित आहे असं पुष्कळ पोरांना वाटतं, पण तिथे असं पूर्ण कुलूप फक्त दोघांच्या 'सीक्रेट चॅट'ला असतं. चॅनल आणि ग्रुपला ते नसतं. मग अतिरेकी तिथे का जमले? पहिलं कारण आकार: टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये दोन लाख माणसं मावतात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपला १,०२४ ची मर्यादा आहे. चॅनलला तर मर्यादाच नाही. दुसरं, मोठमोठ्या फाइली सहज ठेवता येतात. तिसरं आणि खरं कारण, कंपनीचा हात फार सैल होता. २०१५ मध्ये ट्विटरने आयसिसची खाती धडाधड बंद केली तशी ती मंडळी टेलिग्रामवर आली. पॅरिसवरच्या हल्ल्यानंतर टेलिग्रामने आयसिसशी जोडलेले ७८ चॅनल बंद केले. मोठी झाडाझडती झाली ती नोव्हेंबर २०१९ मध्ये, युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेच्या पुढाकाराने. त्यानंतर ही मंडळी टॅमटॅम, हूप अशा कमी माहितीच्या ॲपवर पांगली.

बंदीने काय साधतं, असा प्रश्न यावर हमखास येतो. माझं मत स्पष्ट आहे: बरंच साधतं, पण सगळं नाही. पांगलेल्यांना कोपऱ्यातल्या ॲपवर नवीन पोरं मिळत नाहीत, कारण मानेवाड्यातला आपला पोरगा हूप नावाचं ॲप शोधत जात नाही. तो जिथे आधीच आहे तिथेच त्याला गाठावं लागतं. मात्र जे आधीच आत आहेत ते आणखी आत जातात आणि त्यांच्यावर नजर ठेवणं अवघड होतं. आपल्या केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये ब्रायर, एलिमेंट, थ्रीमा अशी १४ मेसेजिंग ॲप बंद केली. सीमेपलीकडून काश्मीरमधल्या अतिरेक्यांशी बोलायला ती वापरली जातात, असं कारण दिलं होतं. अशा बंदीने संपर्काला खीळ बसते. पोराच्या मनातल्या भुकेला ती हात लावत नाही.

व्हिडिओंबाबत कंपन्यांनी एक उपाय काढला आहे. अतिरेकी व्हिडिओ एकदा ओळखला की त्याचा गणिती ठसा काढून ठेवतात. पुन्हा कुणी तीच फाइल चढवली की ठसा जुळतो आणि ती अडते. फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, ट्विटर आणि यूट्यूब यांनी डिसेंबर २०१६ मध्ये असे ठसे एकमेकांना द्यायचं जाहीर केलं. हे कुठवर पुरतं हे क्राइस्टचर्चने दाखवलं. हल्ल्याचं थेट प्रक्षेपण सुरू असताना पाहणारे दोनशेही नव्हते. पुढच्या २४ तासांत फेसबुकला त्या व्हिडिओच्या १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. लोक कडा कापून, रंग बदलून, पडद्याचं चित्रीकरण करून पुन्हा चढवत होते. त्यातले कितीतरी जण अतिरेकी नव्हतेच, "बघा काय झालं" म्हणून पाठवणारे होते.

यात आपण सगळे येतो. अतिरेकी माणसाला स्वतःचा माल स्वतः वाटावा लागत नाही, आपण वाटून देतो. घरच्या, सोसायटीच्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर रोज जी भीती फिरते, तिच्यावर त्याचं पीक उभं राहतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी आली आहे, या अफवेने त्यांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली, तेव्हा असे मेसेज ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. एक बोट जास्त हलवावं लागलं तर इतका फरक पडतो.

आणि आपलं शहर? १७ मार्च २०२५ ची संध्याकाळ महालात, हंसापुरीत ज्यांनी काढली त्यांना काही सांगायची गरज नाही. दुपारच्या आंदोलनात पवित्र मजकूर असलेली चादर जाळली अशी अफवा फोनाफोनी पसरली. रात्री दगडफेक, जाळपोळ, मग कित्येक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत दिवसेंदिवस संचारबंदी. एका माणसाचा जीव गेला. समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरूनही पोलिसांनी गुन्हे नोंदवले. त्या आठवड्यात दोन्हीकडच्या वस्त्यांत पंधरा-सोळा वर्षांची कितीतरी पोट्टी दारं बंद करून फक्त फोन पाहत बसली होती. आपली माणसं संकटात आहेत, हे त्यांना कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. भरती करणाऱ्याला याहून तयार जमीन मिळत नाही, आणि संचारबंदी उठली म्हणजे ती जमीन नाहीशी झाली असंही नाही.

घरात काय दिसतं? फोनला कुलूप लावणं, एकटं राहणं, चिडचिड ही तर या वयाचीच लक्षणं आहेत, त्यावरून धावपळ करू नका. लक्ष द्यायचं ते बदलाच्या दिशेकडे. जुने मित्र एकेक करून सुटतात आणि नव्या मित्राचं नाव सांगता येत नाही. जग दोनच रंगांचं होतं. एखाद्या समाजाबद्दल बोलताना माणसांऐवजी जनावरांचे शब्द येतात. आधी आवडणाऱ्या गोष्टी, क्रिकेट, गाणी, फुटाळ्यावरची चक्कर, "फालतू" वाटू लागतात. कुठल्यातरी हल्लेखोराचं कौतुक होतं. टेलिग्रामवर 'टेररग्राम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोऱ्या अतिरेक्यांच्या जाळ्यात सामूहिक हत्या करणाऱ्यांना संत म्हणून पुजायचे. ब्रिटनने २०२४ मध्ये त्यावर बंदी घातली.

असं काही दिसलं तर पहिल्या रागात फोन हिसकावून फोडू नका. फोन गेला की त्याचा तो एकमेव "समजून घेणारा" आणखी मोठा होतो, आणि पुरावाही जातो. मुद्द्यावर वाद घालण्याआधी त्याच्याजवळ बसा. तुला तिथे काय मिळतं, ते लोक तुझ्याशी कसे बोलतात, हे खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका. घरात वडिलांपेक्षा मामाचं, काकूचं, जुन्या मास्तरांचं तो जास्त ऐकत असेल तर त्यांना बोलवा. ज्या धर्माच्या नावाने त्याला ओढलं त्याच धर्मातल्या जाणत्या, शांत माणसाचं ऐकण्याची शक्यता आपल्यापेक्षा जास्त असते. मन ढासळलेलं दिसत असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, अल्पवयीन मुलासाठी १०९८ आहे. कुणाच्या जिवाला धोका दिसला तर थेट ११२.

पोलिसांकडे जायला लोक घाबरतात, आणि ती भीती मला समजते. यूएपीए हा दहशतवादविरोधी कडक कायदा लागला की जामीन मिळणं अतिशय कठीण होतं, हे खरं आहे. म्हणूनच लवकर जाणं महत्त्वाचं. पुण्याच्या त्या मुलीच्या बाबतीत एटीएसने समुपदेशनाचाच मार्ग धरला होता. पोरगा मजकूर वाचतोय तोवर परतीचे दरवाजे बरेच उघडे असतात, त्याने कुणासाठी काम केलं किंवा तिकीट काढलं की ते भराभर बंद होतात. आणि परत आणलं म्हणजे संपलं असंही नसतं. सोनेगावला पकडलेल्या त्या तरुणाची कोलकात्यानंतर समजूत काढलेली होतीच. वर्षभरात तो पुन्हा त्याच रस्त्याला लागला, असा पोलिसांचा आरोप आहे. जुना गोतावळा तुटला तर त्याच्या जागी दुसरा लागतो: काम, मैदान, मित्र, रोज विचारपूस करणारं कुणीतरी. हे महिन्यांचं नाही, वर्षांचं काम आहे.

राहता राहिले आपण ग्रुप ॲडमिन. ग्रुपवर कुणी भडकाऊ टाकलं तर ॲडमिनला अटक होते, अशी भीती सगळीकडे आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये याचं उत्तर दिलं. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. सदस्य जोडणं आणि काढणं एवढंच त्याच्या हातात असतं, मजकूर आधी तपासणं त्याला शक्य नसतं, असं न्यायालयाने म्हटलं. त्यानंतर व्हॉट्सॲपने ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसण्याची सोय दिली आहे. फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं बटण तर त्याआधीपासून आहे. शहरात तणाव असेल त्या रात्री ते बटण दाबा. धोक्याचा मेसेज दिसला तर पुसण्याआधी पाठवणाऱ्याच्या नंबरासह स्क्रीनशॉट काढून ठेवा, तो पोलिसांशिवाय कुणालाही पाठवू नका. आणि ज्याने तो टाकला तो ओळखीतला पोरगा असेल, तर ग्रुपवर त्याला झापण्याऐवजी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन या.